तळ्याच्या वाडीची सातवी

१९७८ च्या जूनमध्ये तळ्याच्या वाडीच्या विद्या मंदिरात पाचवी, सहावी आणि सातवी मिळून एकाहत्तर मुलं पटावर होती. त्यांत मुली अठ्ठावीस. त्याच महिन्यात आमच्या तालुक्याच्या शिक्षण कचेरीतून या शाळेला एक पत्र गेलं. पत्र मीच टाइप केलं होतं, त्यामुळे मजकूर अजून पाठ आहे. वरच्या तीन वर्गांची मागच्या हिवाळ्यातली सरासरी उपस्थिती अठ्ठेचाळीस टक्के होती. नव्या शाळा सुधार योजनेप्रमाणे काम करून ती पंचाहत्तर टक्क्यांवर आणावी, वर्षाअखेरीस मूल्यमापनाच्या दिवशी निदान दोन तृतीयांश मुलांनी लेखन-गणिताची चाचणी पार करावी. तसं न झाल्यास हे तिन्ही वर्ग पुढच्या जूनपासून मोठ्या शाळेत विलीन होतील, असं त्यात लिहिलं होतं.

मोठी शाळा उचगावच्या बाजूला, साडेतीन मैलांवर. मुलगे गेले असते. मुली गेल्या नसत्या. यावर वाडीत दुमत नव्हतं. चौथी झाली की पोरगी घरी बसणार, हे ज्याला त्याला दिसत होतं. फक्त ते वाईट आहे असं फार थोड्यांना वाटत होतं. ज्यांना वाटत होतं त्यांत पहिल्या होत्या तिथल्या मुख्याध्यापिका, जुलेखाबाई शिकलगार.

बाईंचा जन्म कोल्हापुरातला, सदतीस सालचा. वडील अल्लाउद्दीन शिकलगार धार लावायचं चाक सायकलवर बांधून गावोगाव फिरत. विळे, खुरपी, कोयते, खाटकाच्या सुऱ्या, न्हाव्याचे वस्तरे, जे हाती येईल त्याला धार लावायची. पाच भावंडांत बाई थोरल्या. त्यांच्या बिरादरीत मुलीला सातवीपर्यंत शिकवायची रीत नव्हती. मग तुम्ही कशा शिकलात, असं मी एकदा विचारलं होतं.

"शाळा आमच्या घरापासून दोन घरं सोडून होती, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या. "आई दारात उभी राहिली की शाळेचं फाटक दिसायचं. चौकापलीकडं असती तर मी आज कुणाच्या तरी घरी भाकऱ्या थापत असते."

अठराव्या वर्षी त्या मास्तरीण झाल्या. नोकरीत राहून ट्रेनिंग केलं. लग्न झालं ते चमनभाईंशी. ते शहरात शिंपीकाम करायचे आणि बायकोच्या नोकरीबद्दल कुणी काही बोललं तर मशीन जोरात चालवायचे, म्हणजे ऐकू येणं बंद. बाईंच्या बदल्या होत गेल्या. एकाहत्तर साली त्या तळ्याच्या वाडीला आल्या आणि सहा वर्षांनी मुख्याध्यापिका झाल्या. शाळेत त्या धरून चार शिक्षक, तीन खोल्या, एक पडवी.

सुधार योजना म्हणजे काय, तर प्रत्येक शाळेनं स्वतःच्या उणिवा स्वतः शोधायच्या, वर्षभरात काय करणार ते लिहून द्यायचं, करायचं, आणि शेवटी आमच्या कचेरीनं येऊन तपासायचं. कल्पना चांगली होती. जुलैअखेर तालुक्यातल्या योजना माझ्या टेबलावर आल्या. एका शाळेनं एकेचाळीस कलमं लिहिली होती: फुलबाग, सुविचार, भारताचा नकाशा, लेझीम पथक, बोलक्या भिंती, बचत बँक, ससे पाळणे. बाकीच्यांचीही कमीजास्त तीच तऱ्हा. जुलेखाबाईंच्या कागदावर तीन ओळी होत्या.

'१. गुऱ्हाळाच्या दिवसांत वरचे वर्ग सकाळी सात ते साडेदहा भरवणे. २. मुलींनी लहान भावंडं शाळेत आणली तरी चालेल. ३. दर शनिवारी शाळेच्या आवारात धार लावणे.'

मी कागद परत पाठवला. शेरा मारला: 'योजना अपूर्ण. कलम ३ चा शाळेशी संबंध स्पष्ट करावा.'

चौथ्या दिवशी बाई स्वतः कचेरीत आल्या. पांढरी सुती साडी, हातात छत्री, पायांत चिखल.

"अपूर्ण कुठं आहे, दाखवा," त्या म्हणाल्या.

"बाई, नमुन्यात पंचवीस रकाने आहेत. तुम्ही तीन भरलेत."

"मला तीनच करता येतील. बाकीचे बावीस लिहून काय करू? ससे पाळू?"

शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसायला लागला. मी त्यांना बसायला सांगितलं आणि मग त्यांनी जे सांगितलं ते त्या तीन ओळींत कुठंच नव्हतं.

आमच्याकडे दिवाळीनंतर गुऱ्हाळं लागतात. उसाचा रस काढला की उरतं ते चिपाड. चिपाड वाळलं तरच चुलवाण पेटतं आणि गूळ शिजतो. ते उन्हात पसरायचं, उलटायचं आणि दव पडायच्या आत गोळा करायचं, हे काम पोरांचं. बाईंनी मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक घरोघर घेऊन जाऊन पडताळलं होतं. सदतीस मुलं गैरहजर असायची, त्यांतली एकवीस चिपाडावर आणि बारा मुली लहान भावंडं सांभाळायला घरी. उरलेली चार नुसती उनाड.

"चिपाड दहा-साडेदहाच्या आधी कुणी पसरत नाही. उन्हं तापायला लागतात," बाई म्हणाल्या. "आणि आपली शाळा भरते अकराला! पोरगं सकाळी चार तास रिकामं, आणि आपण त्याला नेमकं कामाच्या वेळेला बोलावतो. पोरं चुकत नाहीत भाऊसाहेब, घड्याळ चुकतंय."

"आणि धार?"

"ते आईबापांसाठी. ज्या घरातलं पोर आठवडाभर शाळेत, त्या घराचा एक विळा नाहीतर कोयता शनिवारी फुकट. ऊसतोडीच्या दिवसांत धारेसाठी माणसं कोल्हापूरला खेप घालतात. अब्बांना विचारलंय मी."

मी वाणिज्य शाखेत शिकलेला माणूस. कारण, उपाय आणि परिणाम एका ओळीत मांडलेले कुणी दाखवले की मला बरं वाटतं. एकेचाळीस कलमांच्या योजनेत शाळा नेमकी कशामुळे मागे आहे हे एकदाही लिहिलेलं नव्हतं. मी नियम काढून पाहिले. स्थानिक गरजेप्रमाणे वेळ बदलायला परवानगी देता येत होती. टिपणी तयार केली आणि आमच्या विस्तार अधिकाऱ्यांपुढे ठेवली.

ते नृसिंह देशमाने. शिस्तीचे, सरळ, पण शंकेखोर. त्यांनी कागद दोनदा वाचला. "वेळ बदला. पण धार लावणं योजनेत लिहायचं नाही. उद्या कुणी म्हणेल शाळा लाच देते."

"मग लोकसहभागात लिहू, साहेब?"

"कुठंही लिहा. एप्रिलमध्ये मी स्वतः येणार. मला पोरं लिहिताना दिसली पाहिजेत."

डिसेंबरात एकदा मी न सांगता वाडीला गेलो. पहाटेची एस.टी. पकडली, फाट्यावर उतरून चालत गेलो. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. धुकं होतं आणि त्यातून गुळाच्या काहिलीचा वास येत होता. शाळेच्या पडवीत वाशांना सहा झोळ्या टांगलेल्या, आणि चिमणाबाई नावाच्या म्हाताऱ्या आजी सहाही झोळ्यांच्या दोऱ्या एका हातात धरून हलवत होत्या, जसा बैलगाडीवाला कासरा धरतो तशा.

"या पावणं," त्या म्हणाल्या. "कोण पायजे?"

"बाई."

"त्या वर्गात. हळू जावा. आत्ताच निजल्यात समदी. उठलं एखादं, तर तुमाला झोका द्यावा लागंल."

सातवीच्या वर्गात हजेरी चालू होती. बाई नुसतं नाव घेत नव्हत्या, घराचं नाव आधी घेत.

"लालबीचं घर?"

"हाय बाई," मागून एक पोरगा ओरडला, "सुगरा आलीया, पर भायेर बाळाचं दुपटं बदलतीया."

"तू का बोलतोस तिच्या वतीनं?"

"तिनंच सांगितलंय. न्हायतर तिच्या घरचा कोयता ऱ्हाईल की शनवारी!"

वर्ग खदखदून हसला. सुगरा आत आली, ओले हात परकराला पुसत, आणि त्या पोराकडे असं बघितलं की तो पुढचा तासभर गप्प बसला. तिची आई लालबी गुऱ्हाळावर मोळ्या वाहायची. दोन वर्षं सुगरा हिवाळ्यात घरीच असायची. आता पाळणा शाळेत आला म्हणून तीही आली. साडेदहाला घंटा झाली आणि पोरं सुसाट चिपाडावर पळाली. त्या दिवशी एकाहत्तरपैकी साठ हजर होती. मी स्वतः मोजली.

मग एका शनिवारी मुद्दाम गेलो. अल्लाउद्दीनचाचा तेव्हा सत्तरीला आलेले. लिंबाखाली सायकल स्टँडवर चढवून पायडल मारत बसलेले, पुढं विळ्या-कोयत्यांचा ढीग आणि भोवती बायकांची रांग. ठिणग्या उडायच्या तसा लहान पोरांचा गलका व्हायचा. बाई हजेरीपत्रक घेऊन खुर्चीवर. एक बाई दोन कोयते घेऊन आली.

"एकच," जुलेखाबाई म्हणाल्या. "तुझी थोरली सहाही दिवस आली. धाकटा मंगळवारी कुठं होता?"

"ताप आलता ओ त्येला."

"तापात तो तळ्यात पोहत होता. मी बघितलाय."

चाचा पायडल थांबवून म्हणाले, "बघा भाऊसाब, जन्मभर कुणाच्या हाताखाली ऱ्हायलो न्हाय. आता लेकीच्या शाळंत शिपाई झालोय. आन् लेक अशी, एक कोयता जादा करू देत न्हाय!"

"अब्बा, पायडल."

"मारतो, मारतो."

गावात सगळ्यांनाच हे पटलं होतं असं नाही. सरपंच सयाजी पाटील यांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. सकाळची शाळा साडेदहाला सुटते म्हटल्यावर त्यांचा विरोध मावळला, पण टोमणे चालूच होते. "बाई, पोरं शिकली की चिपाड कोण वाळवणार? तुमी?" यावर बाई म्हणायच्या, "सातवी शिकलेलं पोर चिपाड वाळवत नाही असं कुठं लिहिलंय? मोजून वाळवेल." पाटलांचा नातू सहावीत होता. तो आठवड्यातून तीन दिवस यायचा. पाटलांच्या घरी विळ्यांना धार गडीच लावून आणायचे, तेव्हा शनिवारच्या रांगेचं त्या घराला काही वाटायचं नाही.

मार्च संपला. चार महिन्यांची सरासरी उपस्थिती ब्याऐंशी टक्के भरली. पत्रक माझ्याकडे आलं तेव्हा मी आकडे तीनदा तपासले. एक अट पुरी झाली होती. उरली होती चाचणी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तारीख ठरली.

ती तारीख मीच ठरवली, आणि चूक तिथंच झाली. तळ्याच्या वाडीची जत्रा दुसऱ्या दिवशी आहे हे मला माहीत नव्हतं. बाईंना माहीत होतं, पण पोरं तर गावातच असणार, म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही. जत्रेला पाहुणे आदल्या दिवशीच येतात. वाडीत घरटी पाच-सात पाहुणे होते, त्यांची पोरं होती, आणि सयाजी पाटलांच्या डोक्यात एक विचार होता.

देशमाने साहेब आणि मी नऊच्या सुमारास पोचलो. सयाजीराव फेटा बांधून फाटकात उभे.

"या साहेब, या पावणं! आज आमची शाळा बघा. एक बाक रिकामं दिसलं तर माझं नाव सयाजी न्हाई!"

आम्ही आत गेलो. खरोखरच बाक रिकामं नव्हतं. पोरं बाकांवर चेपून बसली होती, खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती, दारात उभी होती. बाई फळ्याजवळ होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या मागच्या खोलीतून नुकत्याच आल्या होत्या आणि तेवढ्यात सरपंचांनी वर्ग भरून टाकले होते.

साहेबांनी मोजायला सांगितलं. मी मोजलं. त्र्याण्णव.

"पटावर किती?"

"एकाहत्तर, साहेब."

"मग ही बावीस मुलं आकाशातून पडली?" साहेब बाईंकडे वळले. आवाज चढला नव्हता, पण शब्द तुटक झाले होते. "ही शाळा आहे की जत्रा?"

सयाजीराव पुढं झाले. "आता जत्राच हाय की साहेब उद्या! पावण्यांची पोरं हायत. घरात दंगा करत हुती, म्हटलं बसा शाळंत. वर्ग भरल्याला बरा दिसतोय. यात वंगाळ काय?"

"वंगाळ काय?" साहेब म्हणाले. "पाटील, मी उपस्थिती तपासायला आलोय. मला दाखवायला माणसं भरलीत तुम्ही. आज ही बावीस फुगवली, तर हिवाळ्यातली ब्याऐंशी टक्के खरी कशी मानू? पत्रकातसुद्धा पाहुणेच बसवले असतील!"

सुगरा पहिल्या बाकावर होती. तिनं बाईंकडे बघितलं, मग आपल्या वहीकडे. गुळाच्या गावातल्या पोरांनाही त्या क्षणी कळलं होतं की आता वर्ग जाणार. सयाजीरावांना ते सगळ्यांत शेवटी कळलं.

"आमी चांगल्यासाठी केलतं ओ," ते हळू म्हणाले. "आमच्यात पावणं जास्त म्हंजे मान जास्त."

आता बाईंनी पट उघडला, पाच नावांवर बोट ठेवलं. "साहेब, आज माझी सहासष्ट आहेत. पाच नाहीत. दोघांना गोवर, तिघं मामाच्या गावाला. म्हणजे पाहुणे बावीस नाहीत, सत्तावीस आहेत. तुम्ही मोजलं त्यापेक्षा चूक मोठी आहे."

साहेब थबकले. आपल्याविरुद्धचा आकडा कुणी दुरुस्त करून देईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

"त्यांना बाहेर काढा आणि माझं ऐका," असं बाई म्हणतील असं मला वाटलं. त्या उलट म्हणाल्या.

"यांना बाहेर काढू नका. पाचवी ते सातवीत शिकणारीच ठेवा."

विचारून बघितलं. सत्तावीसही जण आपापल्या गावी पाचवी, सहावी किंवा सातवीत होते. सयाजीरावांनी निवड तरी नेमकी केली होती.

"आता सगळ्यांना एकत्र बसवा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कुणाचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. प्रत्येकाच्या हातात पाटी द्या. पुढच्या बाजूला तुम्ही सांगाल ते वाक्य आणि तुम्ही घालाल ते गणित. मागच्या बाजूला फक्त गावाचं नाव. तुम्ही बरोबर पाट्यांची एक थप्पी करा, चुकलेल्यांची दुसरी. मग थप्प्या उलट्या करा. माझी पोरं हिवाळ्यात शाळेत होती की नव्हती, हे पाट्या सांगतील. मला विचारू नका, पाटलांना विचारू नका."

"आणि थप्पी तुमच्या विरुद्ध निघाली तर?"

"तर वर्ग न्या."

मी आयुष्यात पुष्कळ तपासण्या पाहिल्या. कुणी स्वतःहून इतकी कडक कसोटी मागितलेली पाहिली नाही.

खालच्या वर्गांतल्या पाट्या आणल्या. पोरांना आवारात अंतराअंतरानं मांडी घालून बसवलं. साहेबांनी त्यांच्या जागा स्वतः अदलाबदल केल्या. बाईंना आणि बाकी शिक्षकांना त्यांनी फाटकाबाहेर थांबायला सांगितलं आणि बाई गेल्यासुद्धा. कुंपणाबाहेर सगळी जत्रा गोळा झाली. पाहुणे, सोयरे, नारळवाले. लालबी भिंतीला टेकून उभी होती आणि चिमणाबाईंच्या काखेत तिचं बाळ.

साहेबांनी वाक्य सांगितलं: 'आमच्या गावाच्या पूर्वेला असलेल्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही.' मग गणित: 'एका काहिलीतून सहा ढेपा गूळ निघतो. एक ढेप साडेदहा किलोची. आठ काहिलींतून किती किलो गूळ निघेल?'

"ह्ये काय गणित हाय?" कुंपणाबाहेरून एक पाहुणा ओरडला. "व्यापाऱ्याला इचारा!"

"गप रं!" सयाजीराव त्याच्यावर डाफरले. "परीक्षा चाललीया."

पंधरा मिनिटांनी पाट्या गोळा झाल्या. साहेब पडवीत बसले. एक पाटी हातात घ्यायची, वाक्य वाचायचं, गणिताचं उत्तर बघायचं, उजव्या बाजूला नाहीतर डाव्या बाजूला ठेवायची. मागची बाजू त्यांनी एकदाही बघितली नाही. मी शेजारी खुणा करत होतो. उजवीकडं एकसष्ट. डावीकडं बत्तीस.

"आता उलटा," साहेब मला म्हणाले. "मोठ्यानं वाचा."

मी उजव्या थप्पीतली पहिली पाटी उलटली. "तळ्याची वाडी."

दुसरी. "तळ्याची वाडी."

तिसरी, चौथी, पाचवी. तळ्याची वाडी. सहावीला मी "जयसिंगपूर" म्हणालो आणि गर्दीतून एक माणूस "माझा ह्यो, माझा!" म्हणून नाचला. पुन्हा तळ्याची वाडी. दहाव्या पाटीनंतर कुंपणाबाहेरचे लोक माझ्याबरोबर म्हणायला लागले. मी पाटी उचलायचो आणि मी तोंड उघडायच्या आत शंभर माणसं गर्जायची, "तळ्याची वाडी!" विसाव्या पाटीला हलगीवाल्यानं प्रत्येक नावामागं एक ठोका द्यायला सुरुवात केली. साहेबांनी त्याला थांबवलं नाही. त्यांच्या ओठांच्या कडा हलत होत्या.

एकसष्टपैकी पंचावन्न पाट्या वाडीच्या निघाल्या.

मी डाव्या थप्पीला हात घातला तेव्हा फाटकाबाहेरून बाईंचा आवाज आला. "भाऊसाहेब, ती मोठ्यानं वाचू नका. पाहुण्यांची लेकरं आहेत."

साहेबांनी मान हलवली. मी मनात वाचल्या. अकरा वाडीच्या, एकवीस पाहुण्यांच्या. म्हणजे वाडीची शंभरात त्र्याऐंशी पार झाली, आणि त्याच दिवशी, त्याच उन्हात, त्याच वयाच्या पाहुण्या पोरांतली शंभरात बावीस. मूल्यमापनाच्या नमुन्यात असा रकानाच नव्हता. शाळेनं किती प्रगती केली हे आम्ही तिच्याच जुन्या आकड्यांशी ताडून बघायचो. कशाशी तुलना करायची हे सयाजीरावांच्या चुकीनं आम्हाला आयतं आणून दिलं होतं, आणि ते ओळखलं फक्त बाईंनी.

सयाजीरावांनी मात्र डाव्या थप्पीतल्या एका पाटीकडे बोट दाखवलं, आणि साहेबांनी ती त्यांच्या हातात दिली. अक्षर ओळखीचं होतं. त्यांच्या नातवाचं.

सयाजीराव पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याला काय करणार? आमच्या घरात इळ्याला धार लावायला गडी हायत. पोराला शाळंत धाडायला कोण न्हाय."

"शनिवारी या," बाई आत येत म्हणाल्या. "विळा नसला तर अडकित्ता आणा. त्यालाही धार लागते."

सगळे हसले, सयाजीराव सगळ्यांत मोठ्यानं. दुसऱ्याच शनिवारी ते खरोखर अडकित्ता घेऊन रांगेत उभे राहिले, एका बाईच्या मागे, आणि हजेरीपत्रक बघून बाईंनी त्यांना परत पाठवलं. चाचांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं.

देशमाने साहेबांनी जागेवरच शेरा लिहिला. तो लांबलचक नव्हता. 'उपस्थिती पत्रक विश्वसनीय. चाचणी समाधानकारकपेक्षा पुष्कळ वरची. वर्ग कायम ठेवावेत. ही चाचणीची पद्धत इतर शाळांतही वापरावी.' लिहून झाल्यावर ते बाईंना म्हणाले, "सकाळी मी जे बोललो ते मागे घेतो."

"बोललात ते बरंच झालं, साहेब," बाई म्हणाल्या. "नाहीतर पाट्या कुणी उलटल्या असत्या?"

मे महिन्यात वर्ग कायम केल्याचा आदेश निघाला. टपालात टाकायचा सोडून मी तो स्वतः घेऊन गेलो. असं मी नोकरीत एकदाच केलं. शाळेला सुट्टी होती, पण बाई रोज येत होत्या, गळक्या कौलांखाली पावसाळ्यात कोरडी राहील अशी जागा शोधून कपाट सरकवत. आदेश त्यांनी दोनदा वाचला. घडी घालून कपाटात ठेवला. मग पडवीच्या पायरीवर बसल्या आणि पदरानं डोळे पुसले. एवढंच.

गावानं मात्र एवढ्यावर सोडलं नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी सयाजीरावांनी बैलगाडी सजवली, हलगी बोलावली, बाईंना गाडीत बसायचा आग्रह केला. बाई ऐकेनात.

"मी गाडीत बसून काय करू? पाट्या मी लिहिल्या का?"

"मग कोण बसणार? मोकळी गाडी फिरवू व्हय गावातनं?"

बाईंनी सातवीच्या मुलींना हाक मारली. सहावीतून आलेल्या नऊ होत्या. सातवी पार करून उचगावच्या बाजूला आठवीत जायला निघालेली सुगराही तिथंच होती. कमरेवर भाऊ होता तो चिमणाबाईंच्या हातात देऊन तीही चढली. लालबी म्हणाली होती, तीन पोरी मिळून जात असतील तर साडेतीन मैल काय लांब न्हाईत. दहा मुली गाडीत दाटीवाटीनं उभ्या राहिल्या, एकमेकींना धरून. हलगी कडाडली. गाडी पाटलांच्या वाड्यावरून, तालमीवरून, तळ्याच्या कडेनं वळली. ज्या घरांतल्या पोरी चौथीनंतर बसवल्या होत्या त्या घरांच्या दारात पोरी आणि त्यांच्या आया उभ्या होत्या. गाडी जाईपर्यंत नुसत्या बघत राहिल्या.

बाई गाडीच्या मागून चालत होत्या, मी त्यांच्या शेजारी.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं प्रवेशाचे कोरे फॉर्म आहेत का? माझ्याकडचे संपत आलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा व्हायच्या आत पाचवीच्या पटावर तीन नवी नावं चढली. तिन्ही मुलींची.